फराजच्या बापाची विहीर

मला जायचं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. दोह्यातल्या जुन्या दिवसांविषयी मी इथे लिहायला लागल्यापासून कोणी ना कोणी विचारतंच, की काका, तेव्हा वाळवंटात फिरायला किती मजा येत असेल, आम्हीही येत्या थंडीत गाडी काढून उत्तरेला जायचं म्हणतोय, जरा माहिती द्या. माहिती देतो. मजा आली नव्हती. तीन दिवस नाकातोंडात धूळ गेली, कंबर कामातून गेली, आणि एका स्कॉटिश माणसाने वाटेतल्या प्रत्येक उंचवट्याचं नाव आणि त्या नावाचा अर्थ विचारून विचारून माझं डोकं पिकवलं. आणि शेवटी जे बिघडलं ते माझ्याच हाताने बिघडलं.

साठ सालानंतरची पहिली एक-दोन वर्षं. मी रत्नागिरीकडचा, वय बावीस, मॅट्रिक पास. मुशैरिबमध्ये आम्ही पाच कोकणी एका खोलीत राहत होतो. आज तिथे काचेच्या इमारती आहेत आणि आतून ट्राम फिरते, तेव्हा मातीच्या भिंती होत्या आणि दारात शेळ्या बसायच्या. लहानपणी मदरशात अरबी अक्षरं गिरवलेली, दोह्याच्या बाजारात दोन वर्षं काढून बोलायची अरबी उचललेली, आणि वर टायपिंग येत होतं. एवढ्या भांडवलावर मला नकाशाच्या कचेरीत क्लार्क म्हणून घेतलं आणि न विचारता दुभाषा केलं.

कचेरीत नवा नकाशा तयार होत होता. टेकड्या, खळगे, विहिरी सगळं मोजून झालं होतं, पण उत्तरेच्या एका पट्ट्यात नावांच्या जागा कोऱ्या होत्या. त्या भरायला आमचे मर्डो साहेब निघाले आणि मला म्हणाले, "तू येतो आहेस." मी म्हटलं, टायपिंग पडलंय. ते म्हणाले, ते तीन दिवसांनीही पडलेलंच असेल.

मर्डो साहेब स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावरचे. उंच, लाल मानेचे, मितभाषी. मितभाषी म्हणजे इतर सर्व विषयांवर. जागांची नावं निघाली की त्यांना आवरणं कठीण. त्यांची घरची भाषा गेलिक, इंग्रजी शाळेत छड्या खात शिकलेली. त्यांनी मोहिमेच्या आदल्या दिवशी मला दोन नियम सांगितले. पहिला, कोणतंही नाव एका माणसाच्या सांगण्यावरून लिहायचं नाही. दोन साक्षीदार हवेत आणि त्यातला एक तरी त्या जागेचं पाणी पिणारा हवा. दुसरा नियम माझ्यासाठी होता. दुभाषाने स्वतःच्या पदरचं काही घालायचं नाही. माझ्या आधीचा दुभाषा साहेबाला बरं वाटावं म्हणून नावांचे सुंदर सुंदर अर्थ सांगायचा. त्याला त्यांनी पुढच्या बोटीने घरी पाठवला होता.

मार्च संपत आला होता. पहाटे निघताना खोलीतला इब्राहिम, दापोलीचा, अंथरुणातूनच म्हणाला, "सुकट बांदून घेतलीस काय? नायतर साहेबाच्या डब्यातलं मासं खायला लागंल." मी घेतली होती. जाणाऱ्यांना माझा हा पहिला सल्ला आहे. डब्यातले सार्डिन तीन दिवस खाऊ नका, घरून काहीतरी न्या. आणि पाणी तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट न्या.

गाडी म्हणजे कापडी छताची लँड रोव्हर. साहेब स्वतः चालवायचे. शेजारी वाटाड्या फराज, आणि मागे पाण्याच्या पिंपाला टेकून मी, मांडीवर नावांची कोरी पानं. फराज साठीचा असेल, सडपातळ, एक डोळा जरा बारीक झालेला. तो कोणत्याही रस्त्याने जायला तयार होता, फक्त रस्ता नसला पाहिजे. चांगली मळलेली चाकोरी दिसली की तो हात उजवीकडे करायचा आणि आम्ही दगडांतून खडखडत निघायचो. आज तुम्ही त्याच प्रदेशात गुळगुळीत हायवेवरून तासाभरात पोचता आणि वाटेत कॉफी घेता. आम्हाला उम्म सलाल ओलांडायलाच सकाळ पुरली नाही, कारण साहेबांना उम्मचं वेड होतं.

उम्म म्हणजे आई. इथे निम्म्या जागांना आई आहे, अमक्याची आई, तमक्याची आई. तिथे जे काही जास्त सापडतं त्याची ती आई. साहेबांनी गाडी थांबवली, वहीत लिहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडे?" मी म्हटलं, आमच्याकडे देवींची गावं असतात, पण अशी नाही. तेही त्यांनी लिहिलं. पुढे एका टेकाडाची सोंड बाहेर आलेली होती, फराज म्हणाला, खश्म. खश्म म्हणजे नाक. झालं. साहेब खाली उतरले, टोपी काढली, आणि म्हणाले, आमच्या गेलिकमध्ये अशा टेकडीला स्रोन म्हणतात, त्याचाही अर्थ नाक. समुद्रात घुसलेल्या जमिनीला अरब रास म्हणतात, डोकं. आमच्याकडे क्यान, तेही डोकंच. डोंगराच्या लांब धारेला ड्रुइम, म्हणजे पाठ. विहिरीला इथे बीर, तिकडे तोबर. "तुमच्याकडे नाकाला काय म्हणता?" मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे डोंगराला सोंड असते. त्यांना इतका आनंद झाला की मला माझ्या तोंडाचाच राग आला, कारण आणखी पाव तास आम्ही तिथेच उन्हात उभे.

"बघ," ते म्हणाले, "ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांनी जमिनीला आपलंच अंग दिलं. अंधारातही वाट सांगता यावी म्हणून."

विचार वाईट नव्हता. पण माशा घोंघावत होत्या, आणि चाळीस नावांपैकी आमची तीन झाली होती.

दुपारनंतर तंबू लागायला लागले. प्रत्येक तंबूत कॉफी. छोटा कप, वेलदोड्याचा वास, साखर नाही. पुरे असेल तर कप हलवून परत द्यायचा, नाहीतर ओतणारा ओततच राहतो. मी साहेबांना हे दोनदा सांगितलं. ते नावांच्या नादात विसरले आणि एका तंबूत नऊ कप प्यायले. दोन साक्षीदारांच्या नियमामुळे काम दुप्पट झालंच होतं, वर साक्षीदार भांडायचे. एका रोधाचं, म्हणजे पावसाचं पाणी साचून जिथे झुडपं उगवतात अशा खळग्याचं नाव फराजने सांगितलं, त्यामागची गोष्टही सांगितली, की इथे एक हरवलेली सांडणी व्यालेली सापडली. पुढच्या तंबूतला म्हातारा म्हणाला, सांडणी कुठली, तिथे त्या नावाचं झुडूप आहे. साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं. मी विचारलं, यातलं खरं कोणतं? ते म्हणाले, नाव खरं. अर्थ लोक नंतर शोधतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

संध्याकाळी एका टेकाडाच्या आडोशाला मुक्काम केला. तिथे साहेबांनी मला विचारलं, "तुमच्या घराचं नाव काय?" मी म्हटलं, घराला नाव नाही. हे खोटं होतं, पण तो भाग नंतर सांगतो. मग ते त्यांच्या बेटाविषयी बोलायला लागले. त्यांच्या आजीच्या घरामागे एक टेकडी होती, क्नोक ना फारे, टेहळणीची टेकडी. बायका तिथे उभ्या राहून होड्या परतायची वाट बघायच्या. पुढे सरकारचे नकाशेवाले आले. त्यांना गेलिक येत नव्हतं, म्हणून त्यांनी जमीनदाराच्या कारभाऱ्याला विचारलं, त्याला इंग्रजी येत होतं. त्याने जमीनदाराच्या बायकोचं नाव सांगितलं. आजी दहा पावलांवर उभी होती. तिला कोणी विचारलं नाही.

"नकाशावर अजून तेच आहे?" मी विचारलं.

"अजून तेच आहे. शाळेत मला तेच पाठ करावं लागलं. आजीचं नाव लिहिलं तर चूक धरायचे."

ते वही उघडून दिवसभराची नावं तपासायला लागले. मला त्यांच्या नियमाचा राग जरा कमी आला, पण कंबरेचं दुखणं काही कमी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी गुवैरियाच्या पलीकडे, दगडी माळात, आम्ही एका विहिरीपाशी पोचलो. तोंडाशी दोरांनी घासून घासून दगडाला खाचा पडलेल्या. पाणी खोल, पण होतं, आणि चांगलं गोड होतं. दोन दिवस ज्या माणसाचं तोंड थांबत नव्हतं तो फराज तिथे गप्प झाला. साहेबांनी विचारलं, नाव? मी विचारलं, नाव? फराज म्हणाला, "दुसऱ्यांना विचारा."

"तुला माहीत नाही?"

"ही माझ्या बापाने खणली. सालेहने. मी सांगणं बरोबर नाही. जे पाणी पितात ते सांगतील. त्यांनी सांगितलं की मी हो किंवा नाही म्हणेन."

मी कपाळावर हात मारून घेतला. विहीर याच्या बापाची, नाव याला ठाऊक, माणूस समोर उभा, आणि आम्ही मात्र ते नाव विचारायला वाळवंटात माणसं शोधत फिरायचं. मी साहेबांना सुचवलं की बीर सालेह लिहून टाकू, सालेहची विहीर, यात चुकण्यासारखं काय आहे. साहेब म्हणाले, "कोणी म्हणालं का तसं?" नाही म्हणालं. मग चला. फराज एवढंच म्हणाला, की या विहिरीचं नाव कागदावर येणार म्हणूनच मी तुमच्याबरोबर आलोय, बाकीच्या टेकड्यांचं मला काही नाही. ते बोलताना तो माझ्याकडे नाही, विहिरीकडे बघत होता.

त्या विहिरीचं पाणी वापरणारे लोक, फराज म्हणाला, अर्ध्या तासावर आहेत. अर्ध्या तासावर चुलीचे तीन दगड आणि शेळ्यांच्या लेंड्या होत्या. ते उठून गेले होते. मग माग काढत पश्चिमेला, मग माग पुसले म्हणून परत, मग टायर पंक्चर, मग दुसरा टायर वाळूत. वाळूत जाणाऱ्यांनी टायरमधली हवा आधीच कमी करून घ्यावी, रुतल्यावर नाही. हेही मी साहेबांना सांगितलं होतं. सार्डिन उघडले, सुकट संपली होती. एका विहिरीच्या नावापायी आम्ही अख्खा दिवस घालवला आणि रात्री मी कोणाशीही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते सापडले. चार तंबू. मुखिया बाहेरगावी गेलेला, घरात त्याची आई होती. वयाने फार मोठी, चेहऱ्यावर काळा बुरखा, हातावर गोंदण. तिचा दुसरा मुलगा कॉफी ओतत होता. साहेब आदबीने थोडे दूर बसले, फराज त्यांच्या मागे, आणि मी मध्ये. मी विचारलं, आई, दगडी माळावर खाचा पडलेली विहीर आहे, तिला तुम्ही काय म्हणता?

म्हातारी हसायला लागली. "बीर अल-बखील," ती म्हणाली. "दुसरं काय म्हणणार? सालेह बखील. पाऊस नव्हता त्या वर्षी आम्ही तिथे गेलो. माझा बाप त्याचा पाहुणा. पाहुण्याला त्याने सकाळी एक पोहरा दिला आणि संध्याकाळी एक. काठी घेऊन तोंडाशी बसलेला असायचा. माझी आई रोज त्याला शिव्या द्यायची. तो ऐकायचा आणि पोहरा मोजायचा. बखील. सगळे तसंच म्हणतात, माझी नातवंडंही तसंच म्हणतात."

बखील म्हणजे कंजूष. अरबीत तेच, उर्दूत तेच, मराठीतही म्हणतो आपण. मी मागे वळून बघितलं. फराजने डोक्यावरच्या फडक्याचं टोक तोंडावर ओढलं होतं आणि मान खाली घातली होती.

आता घराच्या नावाचा भाग सांगतो. आमच्या मोहल्ल्यात प्रत्येक घराला टोपणनाव आहे. आमच्या घराला नारळचोरांचं घर म्हणतात. माझ्या आजोबांवर कोणीतरी एकदा एका नारळाचा आळ घेतला होता. एक नारळ, तोही खरा की खोटा कोणास ठाऊक. पण पोस्टमन पत्र घेऊन आला की आळीच्या तोंडाशीच विचारायचा, नारळचोरांचं कुठलं? मुलं शाळेत तेच म्हणायची. माझा बाप सरळ माणूस, पाच वेळा नमाज पढणारा, पण लग्नकार्यात त्याची ओळख करून देताना लोक हेच नाव घ्यायचे आणि हसायचे, आणि तो मान अशीच खाली घालायचा. मी दोह्याला आलो त्यामागे पोट होतंच, पण इथे कोणाला आमच्या घराचं नाव माहीत नसेल, हेही होतं.

साहेबांनी विचारलं, "ती काय म्हणाली? विहिरीचं नाव काय?"

"बीर सालेह," मी साहेबांच्या कानाशी वाकून म्हटलं, बाकी कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने.

साहेब नुसत्या कानांनीही बरंच पकडायचे. ते म्हणाले, "आणखी एक शब्द होता. बखील. पुन्हा पुन्हा येत होता."

"ती त्याला शिव्या देतेय, साहेब. पाणी देताना हात आखडायचा म्हणे. जुनं भांडण आहे."

"आणि नाव?"

"बीर सालेह. खणणाऱ्याचं."

साहेबांनी मान हलवली. "फराजला विचार, ती म्हणते ते बरोबर आहे का."

मी फराजला विचारलं, ही म्हणते ते बरोबर आहे? फराजने तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, "सहीह." बरोबर. एवढा शब्द साहेबांना कळत होता. त्यांनी वहीत नाव लिहिलं, त्यापुढे दोन खुणा केल्या आणि वही मिटली. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. दोन दिवसांच्या त्या सगळ्या कटकटीत मी निदान एक चांगलं काम केलं, एका म्हाताऱ्या माणसाच्या बापाची अब्रू झाकली, असं मला वाटलं. मी कॉफीचे तीन कप प्यायलो.

परतताना वाट सरळ होती, वाटाड्याची गरज नव्हती, म्हणून फराज मागे माझ्याजवळ येऊन बसला. तीन दिवसांत तो माझ्याशी कामापलीकडे बोलला नव्हता. आता त्याने स्वतःहून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बघितलंस, कशी हसत सांगत होती," तो म्हणाला. "तिचा बाप, तिची आई, ती, तिचे दोन भाऊ. सगळे जगले. त्या वर्षी दुसऱ्या विहिरींवर माणसं मेली. जिथे मालक दिलदार होते तिथे पाणी महिन्यात संपलं. माझ्या बापाने पोहरे मोजले. पाहुण्याला दोन, तर आम्हालाही दोन. माझी धाकटी बहीण तहानेने रडायची, तो तिच्याकडे बघायचा नाही. लोकांनी त्याला बखील नाव ठेवलं, तोंडावर म्हणायचे. पाऊस आला तेव्हा तळाशी अजून ओल होती. आणि माणसं सगळी होती."

मी मांडीवरची पानं एकाखाली एक लावत राहिलो.

"तो गेला तेव्हा जे शिव्या द्यायचे तेच त्याला खांद्यावर घेऊन गेले. पण हे मी कसं सांगू? मुलाने स्वतःच्या तोंडाने बापाची बढाई मारायची नसते. ते त्यांच्या तोंडून यायला हवं होतं, परक्या माणसासमोर, कागदावर. मी फार वर्षं थांबलो होतो. आज तिने सांगितलं, साहेबाने लिहिलं. खलास. आता मी मेलो तरी हरकत नाही."

गाडी खडखडत होती. साहेब समोर बसून शीळ घालत होते, वही त्यांच्या शेजारी सीटवर. इंग्रजीतलं एक वाक्य पुरलं असतं. साहेब, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. एवढंच. पण ते म्हटलं की बाकीची एकोणचाळीस नावंही संशयात येणार होती, आणि मी पुढच्या बोटीत बसणार होतो. मी ठरवलं, कचेरीत गेल्यावर शांतपणे सांगू. उद्या सांगू. फराजने घडी घातलेल्या फडक्यातून चार खजूर काढून माझ्या हातावर ठेवले आणि मी ते खाल्ले.

उद्या जुम्मा होता, सुट्टी. परवा साहेबांना ताप होता. त्यानंतर वही नकाशा काढणाऱ्यांच्या खोलीत गेली, आणि मी दोनदा त्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा नावं शाईने भरली होती. बीर सालेह, बारीक तिरप्या इंग्रजी अक्षरांत, विहिरीच्या निळ्या ठिपक्याशेजारी. उन्हाळ्यात साहेब रजेवर त्यांच्या बेटावर गेले आणि कागद छपाईला परदेशी गेले. जाताना त्यांनी मला हात दिला आणि म्हणाले, तू चांगलं काम केलंस, तू पदरचं काही घालत नाहीस. मी थँक यू म्हटलं.

आता मी दोह्यातच, फरीज बिन ओमरान नावाच्या वस्तीत मुलाकडे राहतो. हे लिहून मी नातीला वाचून दाखवलं. तिला मराठी कळतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. ती म्हणाली, बट यू मेंट वेल. चांगल्या हेतूने केलंत. याच वाक्याने मला सगळ्यात जास्त चीड येते. तो जमीनदाराचा कारभारीही मालकिणीला बरं वाटावं म्हणूनच बोलला असेल. मध्ये उभा राहून दोन्हीकडचं कळणारा माणूस तोच असतो, आणि त्याला वाटतं की लोकांना काय हवंय ते त्यालाच ठाऊक आहे. साहेबांनी तीन दिवस मला हेच सांगितलं होतं, आणि मी त्या वेळी माशा हाकलत होतो. तर उत्तरेला जाणाऱ्यांनो, खुशाल जा, थंडीतच जा, पाणी दुप्पट न्या, टायरची हवा बघा. जागेचं नाव विचारलंत तर उत्तर आवडलं नाही तरी जसंच्या तसं घ्या. ती विहीर नेमकी कुठे, हे मात्र विचारू नका. ती एका फार्मच्या कुंपणात गेली असं ऐकतो, मी पुन्हा गेलेलो नाही.

छापलेले नकाशे त्या वर्षाच्या शेवटी आले. आठवड्याभरात फराज कचेरीत हजर. धुतलेला पोशाख, अत्तर लावलेलं. साहेब अजून परतले नव्हते. त्याने माझ्या टेबलावर नकाशा पसरायला लावला आणि विचारलं, कुठे आहे? मी त्याचं बोट धरून त्या निळ्या ठिपक्यावर ठेवलं.

"वाच," तो म्हणाला.

खोलीत आणखी दोघे होते, दोघेही अरबी जाणणारे, पण ते आपल्या कामात होते. मी नकाशावर वाकलो.

"बीर अल-बखील," मी वाचलं.

त्याने मला पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. त्याचं बोट अक्षरांवरून हळूहळू सरकत होतं, उजवीकडून डावीकडे, अरबी वाचतात तसं. मग त्याने एक प्रत मागितली. मी साहेबांना न विचारता दिली. त्याने ती जपून घडी करून छातीशी ठेवली.

"घरात कोणाला वाचता येत नाही," तो म्हणाला. "पण नातवंडं आता शाळेत घातलीत, नातसुद्धा. इंग्रजीही शिकवणार म्हणतात. त्यांना अक्षरं यायला लागली की सगळ्यांत आधी हाच कागद त्यांच्यापुढे ठेवीन. म्हणेन, वाचा, तुमच्या पणजोबाला लोक काय म्हणायचे."

मी म्हटलं, "इन्शाल्ला."